भावाचं नाव आणि शत्रूचं नाव

रविवारच्या शाळेत आम्ही बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय पुठ्ठ्यावर शिकलो. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. नाताळच्या कार्यक्रमात एखाद्या मुलाला सोनेरी कागद चिकटवलेली ही सगळी सामग्री चढवून उभं करायचे आणि बाकीच्यांनी एकेक वचन म्हणायचं. पाठांतर आमचं चोख होतं. अकराव्या वचनापासून चौदाव्यापर्यंत पौल पुन्हापुन्हा टिकून राहायला, उभं राहायला सांगतो, धावून जायला कुठेच सांगत नाही, हे मात्र मला चाळिशी ओलांडल्यावर समजलं. तेही नगरला एका म्हाताऱ्या नर्सबाईंच्या ओट्यावर, चटईवर बसून.

माझा धाकटा भाऊ एमआयडीसीत कामाला होता. हाताला गुण असलेला, बोलका, मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तबला वाजवणारा. वडील गेल्यानंतर त्याचं पिणं वाढलं. आधी पगाराच्या दिवशी, मग शनिवारी, मग रोज. कामावरून त्याला काढलं, भावजयीचे दागिने गेले, घरात मुलं कुजबुजत बोलायला लागली. ज्यांच्या घरात दारू आहे त्यांना हे सगळं ठाऊकच आहे, म्हणून ते लांबवत नाही.

आमच्या मंडळीत शुक्रवारी बायकांची उपास-प्रार्थना असते. ती चालवणाऱ्या मावशी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेल्या आणि आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यांतून नोकरी केलेल्या. त्यांची आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. दुष्काळात पंडिता रमाबाईंनी ज्या शेकडो मुली गोळा करून आणल्या, त्यांतली एक. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करायला कोण येईल असं विचारलं, तेव्हा ७० जणी पुढे आल्या आणि जूनपर्यंत तो आकडा साडेपाचशेच्या घरात गेला. मग जूनच्या अखेरीस मुक्तीत आध्यात्मिक जागृती झाली. मावशींना हा इतिहास आजीच्या तोंडून आलेला. पण त्या सांगताना नेहमी जागृतीच्या आधीच्या महिन्यांवर थांबायच्या. जानेवारी ते जून बायका काय करत होत्या? दळत होत्या, विणत होत्या, आजाऱ्यांना बघत होत्या आणि ठरल्या वेळी गुडघे टेकत होत्या. "लोक जूनच्या गोष्टी सांगतात, पोरी. मला जानेवारी, फेब्रुवारी सांगायला आवडतं."

मी भावासाठी प्रार्थना मागायला गेले, तेव्हा त्यांनी आधी एक अट घातली. भावाचं नाव आणि शत्रूचं नाव एका वाक्यात येऊ द्यायचं नाही.

ऐकायला साधी गोष्ट. करायला बसल्यावर तिची किंमत कळली. 'प्रभू, ह्याने आईला किती रडवलं' असं वाक्य तोंडात आलं की मावशी डोळे मिटलेल्या असतानाच माझ्या गुडघ्यावर हात ठेवायच्या आणि मी थांबायचे. आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, हे पौलाचं वाक्य त्यांनी असं हाताने शिकवलं. भाऊ रक्तमांस आहे. दारूचा गुत्ता चालवणारासुद्धा रक्तमांस आहे, त्यालाही बायकामुलं आहेत. त्याला पाजणारे मित्र रक्तमांस आहेत. म्हणजे ज्यांच्यावर माझा राग होता ती सगळी माणसं त्या एका वचनाने माझ्या नेमाच्या बाहेर काढली. उरला तो शत्रू ज्याला चेहरा नाही, आणि त्याच्याशी माझ्या रागाने लढता येत नाही.

मावशींची पद्धत काटेकोर होती. आधी एखादं स्तोत्र मोठ्याने वाचायचं, आणि ते आपल्या मनःस्थितीला जुळतं की नाही हे बघायचं नाही. मग थोडा वेळ गप्प. मग त्या दिवसाचं वचन, आणि त्यानंतरच माणसांची नावं. मी विचारलं, एवढं संकट दारात असताना आधी स्तुती कशाला? त्यांनी दुसऱ्या इतिहासाचा विसावा अध्याय काढून दिला. तीन राष्ट्रं चालून आलीत, यहोशाफाट राजा सगळ्या लोकांसमोर देवाला सांगतो की काय करावं हे आम्हांला सुचत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागलेत. आणि दुसऱ्या दिवशी तो सैन्याच्या पुढे गाणारे लोक चालवतो. मला त्या अध्यायातली कबुली सगळ्यात जवळची वाटली. राजाने भर सभेत 'सुचत नाही' म्हणावं! त्या दिवसापासून माझी प्रार्थना तिथून सुरू व्हायला लागली.

वचनाने प्रार्थना करायची म्हणजे काय तेही तिथेच शिकले. रानात सैतान प्रभू येशूला तीनदा परीक्षेत घालतो आणि प्रभू तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून उत्तर देतो. देवाचा पुत्र असून स्वतःचे नवे शब्द काढत नाही. मावशी म्हणायच्या, प्रभूला गरज वाटली नाही तिथे आपल्याला कशाला वाटावी? म्हणून मी भावासाठी वचनं निवडली. लूक बाविसाव्या अध्यायात प्रभू आपल्या पेत्र ह्या शिष्याला सांगतो की सैतानाने तुम्हांला गव्हासारखं चाळायला मागितलं आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. त्या ठिकाणी मी भावाचं नाव घालायचे. पेत्र त्यानंतर काही तासांतच तीनदा प्रभूला नाकारतो, हे माहीत असूनच घालायचे. प्रभूची विनंती झाल्यावरही पेत्र पडला होता, आणि तरीही ती विनंती वाया गेली नव्हती. माझ्या भावाच्या बाबतीत मला धरून राहायला हीच जागा होती.

मग लढाई म्हणतात ती कुठे दिसते? मला ती फार लहान गोष्टींत दिसली. प्रार्थनेची वेळ ठरवली की नेमका त्याच वेळी फोन, त्याच वेळी घरात वाद, नाहीतर अशी झोप की वहीवर डोकं टेकायचं. यात सगळीकडे सैतान शोधायची मला सवय नाही, दिवसभर शाळेत शिकवून आलेली बाई पेंगणारच. प्रभूला धरलं त्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्यही झोपले, आणि देह अशक्त आहे असं प्रभूच त्यांच्या बाजूने बोलला. पण एक गोष्ट थकव्याच्या खात्यात टाकता येत नव्हती. भाऊ रात्री उशिरापर्यंत आला नाही की माझ्या मनात एक वाक्य यायचं. 'याचं एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, सगळे सुटतील.' पहिल्यांदा आलं तेव्हा मी अंथरुणात उठून बसले. ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलं, त्याच्याबद्दल!

मावशींना सांगितलं तेव्हा त्या दचकल्या नाहीत. जळते बाण म्हणून पौल लिहितो ते हेच, म्हणाल्या. बाण बाहेरून येतो. आला म्हणजे तो तुझ्या भात्यातला होता असं नाही. रोमी शिपायाची ढाल खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंग झाकणारी असायची, लाकडाची आणि कातडं चढवलेली, आणि शिपाई शेजारीशेजारी उभे राहून त्या एकमेकींना भिडवायचे. त्यांनी मला सांगितलं की असं वाक्य मनात आलं की एकटीने त्याच्याशी वाद घालत बसू नकोस. मोठ्याने प्रभूची प्रार्थना म्हण, आणि कितीही वाजले असले तरी मला फोन कर. रात्री एक वाजताही त्यांनी फोन उचलला. 'हं, बोल' म्हणायच्या आणि मग आम्ही दोघी मिळून 'आम्हांला वाइटापासून सोडव' म्हणायचो. ह्या ओळीत केवढी लढाई आहे, हे लहानपणापासून ती म्हणत असूनही मला त्या रात्रींपर्यंत उमगलं नव्हतं. कटुता मात्र हरळीसारखी होती. उपटून टाकली तरी चार दिवसांनी दुसरीकडून डोकं काढायची, आणि पुन्हा उपटावी लागायची.

आता त्या आठवड्याबद्दल. भावाने स्वतःहून दारू बंद केली. आम्हांला वाटलं प्रार्थना ऐकली गेली, आईने तर गोड केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून त्याचे हात थरथरायला लागले, अंगाला घाम. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरचे किडे झटकायला लागला. भिंतीवर काही नव्हतं. खिडकीत कोणी उभं आहे म्हणून ओरडला, मुलांना ओळखेना. शेजारच्यांनी एका प्रचारकांना बोलावलं. ते आले आणि म्हणाले, यात दुरात्मा आहे, रात्रभर धरून ठेवा, आपण काढू. चौघांनी त्याला धरलं. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही.

भावजयीने मावशींना फोन लावला. त्या रिक्षाने आल्या, त्याची नाडी बघितली, कपाळाला हात लावला, डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाल्या, "शेवटची कधी घेतली?" सांगितल्यावर त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की दोन ते चार दिवसांत असा भ्रम होऊ शकतो, ताप चढतो, झटके येतात, आणि उपचार नाही मिळाले तर माणूस जातो. आत्ताच्या आत्ता दवाखाना. जाताना रिक्षातून त्यांनी मला बजावलं, तिथे कोणी नुसतं ग्लुकोज लावायला लागलं तर किती वर्षं पितो ते आधी सांग, थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन पहिलं जायला हवं. डॉक्टरांनी तसंच केलं, शांत राहण्याचं औषध दिलं, आणि बाहेर बाकड्यावर आम्ही बसलो.

तिथे मावशींनी निर्गमाचा सतरावा अध्याय उघडला. अमालेकाशी लढाई आहे. यहोशवा खाली मैदानात तलवारीने लढतो, मोशे टेकडीवर हात वर करून उभा. हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेकाची. मोशेचे हात जड होतात, तेव्हा अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवतात, सूर्य मावळेपर्यंत. "आत डॉक्टर आहेत ते यहोशवा," मावशी म्हणाल्या. "टेकडी सोडून आपण मैदानात घुसायचं नाही, आणि मैदानात कोणी नको असंही म्हणायचं नाही." भावजयीचा एक हात त्यांनी धरला, दुसरा मी. त्या रात्री आम्ही फार बोललो नाही. अधूनमधून एकजण वचन म्हणायची, बाकीच्या आमेन म्हणायच्या, आणि सिस्टर बाहेर आली की उठून विचारायचो.

ह्या विषयावर माझं ठाम मत झालं आहे. दुरात्मे नाहीत असं मी मानत नाही. मार्काच्या पाचव्या अध्यायातला तो थडग्यांमध्ये राहणारा माणूस मला खरा आहे, आणि प्रभूने त्याला शुद्धीवर आणून, आपल्या घरी, आपल्या लोकांकडे जा असं सांगितलं, हे मला फार प्रिय आहे. पण प्रत्येक आजाराला दुरात्मा म्हणणं ही आध्यात्मिक लढाई नव्हे. त्याने आजारी माणसावर दुहेरी ओझं पडतं, एक आजाराचं आणि एक 'याच्यात काहीतरी शिरलंय' ह्या शिक्क्याचं. माझ्या भावाला त्या रात्रीचं फारसं आठवत नाही. त्याच्या थोरल्या मुलीला सगळं आठवतं. बाबांना चौघांनी जमिनीवर दाबून धरलेलं तिने पाहिलं. तिच्यासाठी वेगळी प्रार्थना आम्हांला पुढे बराच काळ करावी लागली.

सैतानावर ओरडणंही मावशींना मान्य नव्हतं. यहूदाच्या पत्राच्या नवव्या वचनात आद्यदेवदूत मीखाएलसुद्धा सैतानाला निंदेचे शब्द बोलायला धजत नाही, प्रभू तुला धमकावो एवढंच म्हणतो. मीखाएल जिथे जपून बोलतो तिथे आपण का आवाज चढवावा? वधस्तंभावर सत्तांना आणि अधिकाऱ्यांना प्रभूने नि:शस्त्र केलं, असं कलस्सैकरांस पत्रात आहे. म्हणजे विजय मिळवणं आमच्याकडे नाहीच, मिळालेल्या विजयात पाय रोवून राहणं आमच्याकडे आहे. हे पटल्यावर माझा आवाज प्रार्थनेत आपोआप खाली आला आणि भीती कमी झाली.

दवाखान्यातून भाऊ पुण्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात गेला. तिथून परतल्यावर काही महिने चांगले गेले, पुन्हा तबल्यावर बसला. मग एका लग्नात प्यायला, आणि पुन्हा रोजचं सुरू झालं. ह्या काळाबद्दल लिहिणं मला दवाखान्याच्या रात्रीपेक्षा अवघड जातं. संकटात माणसं धावून येतात. दुसऱ्यांदा पडल्यावर येत नाहीत. शुक्रवारी येणाऱ्या बायका कमी झाल्या. कोणी म्हणालं, कुठेतरी पाप दडलं असेल. कोणी म्हणालं, विश्वास कमी पडतोय. दुःखात पडलेल्या इयोबाला तुझंच पाप असेल म्हणणारे त्याचे मित्र नगरलाही राहतात. माझी स्वतःची प्रार्थना कोरडी पडली. शब्द होते, आत काही हलत नव्हतं.

मावशींनी तेव्हा मला स्तोत्र ८८ दिलं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाला आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि त्याची सुरुवात 'माझ्या तारणाऱ्या देवा' अशी आहे. मी ते रोज मोठ्याने म्हणायचे. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं आणि देवाने हेसुद्धा प्रार्थना म्हणून ठेवलं होतं. दानिएलाचा दहावा अध्यायही तेव्हाच नीट वाचला. तो तीन आठवडे शोक करतो आहे, काहीच होत नाही, आणि शेवटी आलेला दूत सांगतो की पहिल्याच दिवशी तुझे शब्द ऐकले गेले होते, पण पारसाच्या राज्याच्या अधिपतीने मला एकवीस दिवस अडवलं. वर काय चाललंय ह्याची दानिएलाला त्या एकवीस दिवसांत काडीची कल्पना नव्हती. तो फक्त थांबला नाही. मी त्या अध्यायावरून आकाशातल्या अधिपतींचे नकाशे काढणारी माणसं पाहिली आहेत, मला त्यात रस नाही. पहिल्याच दिवशी ऐकलं गेलं होतं, हे एक वाक्य मला पुरलं.

गेथशेमानेत प्रभूने तिसऱ्यांदा प्रार्थना केली ती तेच शब्द बोलून, असं मत्तय लिहितो. तोच आधार धरून मीही तेच शब्द म्हणत राहिले. लूक बाविसावा अध्याय, भावाचं नाव, पुन्हा लूक बाविसावा अध्याय. आणि ह्या कोरड्या काळातच एक बदल झाला, तो भावात नाही, घरात झाला. भावजय आतापर्यंत माझ्या मागे बसून आमेन म्हणायची. एका शुक्रवारी तिने स्वतः तोंड उघडलं. ती नवऱ्याबद्दल काही बोलली नाही. तिने गुत्तेवाल्याच्या आजारी मुलासाठी प्रार्थना केली, नाव घेऊन. खोलीत कोणी हललं नाही. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, लढाई कुठे जिंकली जाते ते आज मी बघितलं. दारूने ह्या बाईचं सगळं नेलं होतं, आणि द्वेष करायला लावण्याचं जे शेवटचं काम उरलं होतं तिथे ती वाकली नाही.

भाऊ दुसऱ्यांदा केंद्रात गेला तो स्वतःच्या पायाने. कशामुळे, हे तो सांगू शकत नाही, आणि मीही जोडून दाखवणार नाही. आता तो आठवड्याला व्यसनमुक्तांच्या बैठकीला जातो, औषध घेतो, तपासणीला जातो. प्रार्थनेने सुटलास की उपचाराने, असं कोणी विचारलं की तो म्हणतो, ताईला विचारा. मी टेकडी आणि मैदानाचा अध्याय सांगते. तो पुन्हा पडणार नाही असं मी कुणाला लिहून देत नाही. पेत्र शिष्यमंडळात सगळ्यांत पुढे असतानाही अंत्युखिया शहरात पुन्हा घाबरला होता, पौलाला तोंडावर बोलावं लागलं होतं.

मावशी आता खुर्चीवर बसून प्रार्थना करतात, गुडघे राहिले नाहीत. शुक्रवार भावजय चालवते. नावांची वही तिच्याकडे असते आणि तिचा नियम मावशींपेक्षाही कडक आहे. वहीत फक्त नाव लिहायचं, तक्रार लिहायची नाही. गेल्या शुक्रवारी भाऊ दारात येऊन उभा राहिला. त्याच्याबरोबर प्यायला बसणाऱ्या एका मित्राचं नाव घाल म्हणाला, त्याला परवा रक्ताची उलटी झाली. भावजयीने विचारलं, त्याच्या आईला चालेल का? त्याने विचारलं नव्हतं. मग असं ठरलं की आधी मित्राला सरकारी दवाखान्यात न्यायचं, ते भाऊ बघेल, आणि भावजय मंगळवारी त्याच्या आईकडे जाऊन विचारून येईल. आईने हो म्हटलं की नाव वहीत.